तिसरा टेक

शेक मान-टिंग. शेक म्हणजे दगड,
हे त्यानंच सांगितलं, पहिल्या दिवशी, क्वुन टोंगच्या गोदामात.
वर प्लॅस्टिकच्या फुलांचा कारखाना, खाली आमचं एडिटिंगचं टेबल,
आणि छताच्या फटीतून दिवसभर फिल्मवर गळणारा लाल भुगा.
मी एकोणीस वर्षांची. कात्री माझ्याकडे.
तो पाठीमागे उभा,
दुसऱ्यांच्या नावानं पडून पडून
एक खांदा कायमचा खाली राहिलेला.

सहा वर्षं पडला तो हिरोंच्या वतीनं,
छपरांवरून, घोड्यांवरून, एकदा तर नायिकेच्या झग्यात.
मग कुणी म्हणालं, पडतोस बरा, आता पाडून दाखव.

पाडलं त्यानं. एकवीस चित्रपटांत माणसं किती पाडली
ते मला विचारा.
कॅमेरा फिरायचा सेकंदाला बावीस चौकटींनी,
पडद्यावर तेच धावायचं चोवीसनं,
म्हणजे सेकंदामागे दोन चौकटी उधार.
उसन्या वेळावर शूर झालेले सगळे.
हाड मोडायचं असलं की सेलरीची जुडी पिरगाळायची,
पोटात लाथ बसली की डुकराच्या मांसावर ओला टॉवेल.
रात्री तेच मांस शिजायचं.
आवाज काढून घेतला म्हणून मांस कशाला टाकायचं?

नवा चित्रपट आधी मध्यरात्री दाखवायचा, मॉन्गकॉकला.
कंटाळलेले प्रेक्षक चाकूनं खुर्च्या फाडायचे.
शेवटच्या रांगेत तो, शेजारी मी, मांडीवर वही.
शिव्या उतरवून घ्यायचे मी,
कितवं रीळ, कितवं मिनिट, कुणाची आई.
पहाटे तीनला गोदामात परत,
सहाच्या आत तेवढं कापून मोकळं व्हायचं.
पुढे इटलीतल्या कुणी जाणकारानं लिहिलं
की याच्या चित्रपटांत प्रेम नाही.
होतं. पावणेदोन मिनिटं.
लोक जांभया देत होते.

आ-सुईचं सांगते.
बांबूची परांची, चार मजले, खाली पुठ्ठ्याची खोकी.
पहिला टेक चांगला. दुसरा ठीक.
मान-टिंग म्हणाला, आणखी एक.

चित्रपटात आहे तो पहिला.
तिसरा मी बिस्किटांच्या डब्यात ठेवला
आणि त्यावर आम्ही एक्केचाळीस वर्षं बोललो नाही.

सुईच्या आईला महिन्याला पाकीट जायचं,
कुणाचं ते पाकिटावर नसायचं.
धंदा बसला, स्टुडिओच्या जागी इमारती आल्या, पाकीट जात राहिलं.
त्यानं घर विकलं. तैपेईला जाऊन शाम्पूच्या जाहिराती केल्या,
केसांनाही नीट पडायला शिकवलं.
म्हातारी गेली तेव्हा शेवटचं पाकीट परत आलं,
तसंच, न उघडलेलं.

गेल्या हिवाळ्यात आला. अठ्ठ्याहत्तरचा.
माझं घर चौथ्या मजल्यावर, लिफ्ट नाही.
चहा अर्धा प्यायला आणि म्हणाला, तो डबा आहे?

झाकण काढलं तर व्हिनेगरचा वास.
जुनी फिल्म अशीच मरते, आंबून.
गुंडाळी चिकटून कडक वडी झालेली, काळपट,
कडेला लाल भुग्याचा एक कण.
त्यानं ती खिडकीसमोर धरली, फिरवली, पुन्हा धरली.
आरपार काही दिसत नव्हतं.
मग दगडाखालचा हात सोडवावा
इतक्या हळू तो हात खाली आणला.

कुठला चांगला होता गं?
पहिला, मी म्हटलं.
माहीत होतं मला, तो म्हणाला. तेव्हाही.

वडी कोटाच्या खिशात घातली. छत्री विसरला, परत आला, घेतली.
आणि उतरायला लागला कठडा धरून,
एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत.
मी वरून सवयीनं चौकटी मोजत होते.
तिसऱ्या मजल्याच्या वळणावर थांबला. खोकला.
कुणाच्या तरी दाराशी ठेवलेल्या चपला पायानं बाजूला सारल्या,
पुन्हा निघाला.
एवढं लांबलेलं दृश्य मॉन्गकॉकनं सहन केलं नसतं.
मी एकही पायरी कापली नसती,
खालचं लोखंडी दार वाजेपर्यंत.